राजा बोले, दळ हाले

‘राजा बोले, दळ हाले’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा उत्तरार्धही पुष्कळांना पाठ असतो: ‘काजी बोले, दाढी हाले’. ज्याच्या हाती सैन्य आहे त्याच्या शब्दाने जग हलते. ज्याच्या हाती केवळ न्याय आहे त्याच्या शब्दाने त्याची स्वतःची दाढी तेवढी हलते, असा या म्हणीचा बोचरा अर्थ. आपल्या पूर्वजांनी सत्तेविषयी काय काय अनुभवले असेल ते या एवढ्याशा म्हणीत साठलेले आहे. जगातील थोर शोकांतिकांशी या म्हणीचे फार जवळचे नाते आहे असे आम्हांस वाटते, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

शोकांतिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक मोठा माणूस उभा राहतो. तो राजा असतो, सेनापती असतो किंवा थोर कलावंत असतो. त्याच्या स्वभावात एखादा दोष असतो, त्या दोषापायी तो उंचावरून कोसळतो आणि प्रेक्षक हळहळत घरी जातात. सेमिनरीत असताना आम्हीही शेक्सपिअर असाच वाचत होतो. आम्हांला इंग्रजी शिकविणारे वृद्ध फादर मात्र एक निराळा अभ्यास देत. ‘मॅकबेथ’ वाचून झाले की ते वहीत दोन रकाने आखावयास सांगत. पहिल्या रकान्यात राजाने दिलेली आज्ञा लिहावयाची आणि दुसऱ्यात ती प्रत्यक्ष कोणी पार पाडली हे लिहावयाचे. पाहता पाहता दुसरा रकाना निनावी माणसांनी भरून जाई: पहिला मारेकरी, दुसरा मारेकरी, एक सेवक, एक निरोप्या. या मंडळींना नाटककाराने नावेसुद्धा दिलेली नाहीत. ‘राजाकडे सारेच पाहतात, तुम्ही या लोकांवर लक्ष ठेवा,’ एवढेच ते फादर म्हणत. पुढे तीसएक वर्षे निरनिराळ्या धर्मग्रामांत काम करताना त्या दुसऱ्या रकान्याचे मोल आम्हांला कळत गेले. म्हणीतील राजाचे बोलणे सर्वांना ऐकू येते. दळ का हालते, हे मात्र शोकांतिका दाखविते.

हा रकाना भरण्यासाठी नागपूरकरांना स्कॉटलंडपर्यंत जाण्याचे कारण नाही. धंतोलीतून उत्तरेकडे पायी निघाले तर थोड्याच वेळात सीताबर्डीची टेकडी दिसू लागते. आज तिच्याजवळून मेट्रो धावते, वरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातून मोजक्या दिवशीच सामान्य माणसाला तेथे जाता येते. या टेकडीच्या परिसरात एक राजकीय शोकांतिका प्रत्यक्ष घडून गेली. २२ मार्च १८१६ रोजी नागपूरचे राजे दुसरे रघूजी भोसले वारले. त्यांचे पुत्र परसोजी गादीवर आले. पण ते शरीराने इतके दुबळे होते की राज्यकारभार पाहणे त्यांना अशक्य होते. चुलतभाऊ मुधोजी, म्हणजेच आप्पासाहेब, कारभारी झाले. दरबारात विरोधी गट होताच. आपले आसन स्थिर व्हावे म्हणून आप्पासाहेबांनी त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी सकाळी परसोजी अंथरुणात मृत आढळले. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याकडे गेलेले होते. हा मृत्यू नैसर्गिक नव्हता, गळा दाबून केलेला खून होता, हे पुढे उघड झाले. परंतु तोवर आप्पासाहेब राजे झाले होते.

पुढचा भाग अधिक करुण आहे. ज्या इंग्रजांचा हात धरून ते सत्तेपर्यंत पोहोचले, त्यांचाच फास मानेभोवती आवळू लागला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीवर लढाई झाली आणि भोसल्यांच्या फौजेला माघार घ्यावी लागली. पुढल्या वर्षी आप्पासाहेब कैद झाले. अलाहाबादेकडे नेत असताना पहाऱ्यावरचे काही शिपाई फितवून ते निसटले, काही काळ महादेवाच्या डोंगरांत राहिले, नंतर ठिकठिकाणी आश्रय शोधीत हिंडले आणि अखेर १८४० मध्ये जोधपूरला त्यांनी देह ठेवला. परकीय सत्तेशी लढलेला राजा म्हणून विदर्भात त्यांचे स्मरण केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच माणसाच्या वाटेवर परसोजींचे ते अंथरूणही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असणे, हेच शोकांतिकेचे लक्षण होय.

आता फादरांचा दुसरा रकाना आखू या. आप्पासाहेब दूर होते. मग परसोजींच्या खोलीत कोण होते? तेथवर जाण्यासाठी दार कोणी उघडले? कोणाला आवाज ऐकू आला आणि कोण कूस बदलून पुन्हा झोपले? एका दुर्बळ माणसाला त्याच्या स्वतःच्या वाड्यात मारावयाचे तर किती नोकर-चाकरांचे डोळे मिटलेले असावे लागतील, याचा विचार केला म्हणजे अंगावर काटा येतो. राजा बोलला असेल एकच शब्द, आणि तोही दुरून.

‘मॅकबेथ’मध्ये शेक्सपिअरने नेमकी हीच यंत्रणा उघडून दाखविली आहे. पहिला खून मॅकबेथ स्वतःच्या हाताने करतो आणि त्या रक्ताने हादरून जातो. दुसऱ्या खुनाच्या वेळी त्याने युक्ती शिकलेली असते. बँकोला मारण्यासाठी तो दोन गांजलेली माणसे बोलावतो आणि तुमच्या साऱ्या दुःखाचे मूळ बँको आहे असे त्यांच्या मनावर ठसवितो. ती दोघे जन्मतः दुष्ट नाहीत. जगाने त्यांना इतके लाथाडले आहे की आता काहीही करावयास ती तयार आहेत. खून बाहेर अंधारात होतो, राजा त्याच वेळी आत पाहुण्यांना मेजवानी देत असतो. आप्पासाहेब चांद्याकडे, मॅकबेथ पंक्तीला. तरीही मॅकबेथला चैन नाही. त्या दोघांवर नजर ठेवावयास तो तिसरा मारेकरी धाडतो. प्रत्येक सरदाराच्या घरी आपला एक नोकर त्याने पगार देऊन ठेवलेला आहे. ज्याला सर्वांवर पाळत ठेवावी लागते त्याला खरे सांगणारा कोणी उरत नाही. शेवटी शत्रूचे सैन्य आल्याची बातमी घेऊन एक भेदरलेला पोरगा येतो, तर राजा त्याच्या फिकट चेहऱ्यावरच चिडतो.

असा निरोप्या त्याच्या दोन हजार वर्षे आधी ग्रीक रंगभूमीवर येऊन गेला होता. सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ नाटकात राजा क्रेऑनने एका मृतास मूठमाती देण्यास बंदी केलेली असते. ती मोडली गेल्याची खबर राजाला द्यावयाची, तर पहारेकऱ्यांना चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते तो वाटेत चार वेळा थबकत, मागे वळत राजापुढे येतो आणि भीतीने भलतेच पाल्हाळ लावतो. प्रेक्षक हसतात. पुढे राजाचा पुत्र हीमॉन पित्याला विनवितो: नगरातील लोक आपल्या मागे काळोखात निराळेच बोलत आहेत, आपल्या चेहऱ्याच्या धाकाने ते शब्द आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. क्रेऑनला हा उद्धटपणा वाटतो. दिवस मावळण्यापूर्वी त्याने होणारी सून, मुलगा आणि पत्नी गमावलेली असते. पहारेकऱ्याच्या भीतीला आपण हसलो होतो. त्याच भीतीमुळे राजा बहिरा झाला, हे नंतर ध्यानात येते.

मराठी माणसाने या शोकांतिका लवकरच आपल्याशा केल्या. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले, देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० मध्ये आला, आणि शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘मॅकबेथ’चा ‘राजमुकुट’ केला. पण केवळ भाषांतरावर आपले नाटककार थांबले नाहीत, कारण तसे विषय आपल्या इतिहासातच होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे १९०९ चे नाटक नारायणराव पेशव्यांच्या खुनावर उभे आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या पेशव्याला गारद्यांनी कापून काढले. ‘धरावे’ या शब्दातील ‘ध’चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला अशी लोककथा आहे आणि आपण सारे त्या एका अक्षराभोवती घोटाळत राहतो. इतिहास पाहिला तर गारद्यांचा पगार थकलेला होता असे दिसते. ज्याचे पोट अडले आहे त्याच्या हातून काय काय करवून घेता येते, हे मॅकबेथने ज्याप्रमाणे ओळखले त्याप्रमाणे वाड्यातील कारस्थानी मंडळींनीही ओळखले होते.

त्याच वाड्यात त्या दिवशी दोन नोकर होते. बखरी सांगतात की जीव वाचविण्यासाठी नारायणरावांनी काका राघोबादादांना मिठी मारली, तेव्हा तुळाजी पवार नावाच्या सेवकाने त्यांना ओढून वेगळे केले. चापाजी टिळेकर नावाच्या दुसऱ्या सेवकाने पेशव्याच्या अंगावर स्वतःला झोकून दिले आणि तो त्यांच्याबरोबर मारला गेला. दोघेही चाकरच होते, आणि दोघांपुढेही त्या क्षणी तीच तलवार होती.

आणि मग रामशास्त्री प्रभुणे येतात. म्हणीतील काजी ते हेच. न्यायाधीश म्हणून त्यांनी चौकशी केली, दोष राघोबादादांवर येतो असे ठरविले, आणि देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे प्रत्यक्ष पेशवेपदावर बसलेल्या माणसाच्या तोंडावर सांगून ते पुण्यातून निघून गेले. त्यांच्यापाशी ना फौज होती ना तोफा. ‘काजी बोले, दाढी हाले’ असे त्या दिवशी कोणी म्हटलेही असेल. परंतु राघोबांच्या कारभाराला जो अधिकाराचा रंग चढावयाचा होता तो शास्त्रीबोवांच्या त्या उद्गाराने चढू शकला नाही. पुढे बारभाईंनी कारभार हाती घेतला आणि रामशास्त्री पुन्हा न्यायासनावर आले. आज अडीचशे वर्षांनी राघोबांच्या मोहिमा किती जणांस ठाऊक आहेत? रामशास्त्र्यांचे उत्तर मात्र शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

खाडिलकरांच्याच ‘कीचकवध’ नाटकाचा इतिहास येथे आठवतो. हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. विराट राजाचा मेहुणा आणि सेनापती कीचक सैरंध्रीची मागणी करतो आणि राजाला त्याला आवरता येत नाही. येथे म्हण उलटली आहे: दळ बोलते आणि राजा हालतो. महाभारतात राणी सुदेष्णाच मद्य आणण्याच्या निमित्ताने सैरंध्रीला भावाच्या घरी पाठविते. म्हणजे येथेही अत्याचाराला दुसऱ्याचा हात लागलाच. प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिले आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. नाटक समजण्यात त्या सरकारची काहीच चूक झालेली नव्हती. सत्ता आपल्या आज्ञाधारकांच्या जिवावर चालते आणि नाटकगृहात बसलेल्या आज्ञाधारकांना एकमेकांचे चेहरे दिसू लागले आहेत, हे राज्यकर्त्यांनी अचूक ओळखले होते.

आपल्या पवित्र शास्त्रातही हा दुसरा रकाना आहे. राजांच्या पहिल्या ग्रंथातील नाबोथची कथा आपण मिस्सेत ऐकतो तेव्हा अहाब राजाचा लोभ आणि ईजबेल राणीचे कपट एवढेच मनात राहते. पण ईजबेलने स्वतः काय केले? तिने पत्रे लिहिली आणि त्यांवर राजाची मोहोर उठविली. नगरातील वडीलधाऱ्यांनी ती वाचली, उपवास पुकारला, सभा भरविली, दोन खोटे साक्षीदार बसविले आणि नाबोथला दगडमार करून तसा निरोप परत धाडला. सारे रीतसर झाले. त्या वडीलधाऱ्यांपैकी एकानेही ‘या पत्राचा अर्थ काय?’ असे विचारल्याची नोंद नाही. नाबोथ त्यांचा शेजारी होता. एलिया संदेष्टा राजाला जाब विचारावयास येतो, तोवर द्राक्षमळा राजाच्या ताब्यात गेलेला असतो.

एवढे वाचून कोणी म्हणेल, फादर, ही राजेरजवाड्यांची दुःखे. आमच्या दोन खोल्यांच्या संसारात सत्ता कोठून आली? याचे उत्तर शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये आहे, आणि वि. वा. शिरवाडकरांच्या १९७० च्या ‘नटसम्राट’मध्ये तर ते आपल्या दिवाणखान्यातच आणून ठेवलेले आहे. गणपतराव बेलवलकर आपली मिळकत मुलगा आणि मुलगी यांना वाटून देतात आणि त्या दिवसापासून घरातील माणसांचे आवाज बदलतात. राजमुकुट नाही, सैन्य नाही. कपाटाची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात गेली, इतकेच. मुलीच्या घरी बापावर पैसे चोरल्याचा आळ येतो. शेवटी या म्हाताऱ्याला माणूस म्हणून जवळ करतो तो बूटपॉलिश करणारा एक पोर. घरातील सत्ता ही अशी असते. जेवावयास कोणाला आधी वाढावयाचे, दवाखान्यात कोणाला केव्हा न्यावयाचे, टेलिफोन कोणी उचलावयाचा, कागदावर कोणाची सही चालते, यांत ती राहते.

‘किंग लिअर’मधील एक प्रसंग आम्हांला सर्व शोकांतिकांचा गाभा वाटतो. कॉर्नवॉलचा सरदार वृद्ध ग्लॉस्टरला खुर्चीला बांधून त्याचे डोळे काढतो आहे. चाकरांनी म्हाताऱ्याला धरून ठेवले आहे. एक डोळा गेला. तेवढ्यात एक चाकर पुढे होतो आणि म्हणतो की लहानपणापासून मी आपली सेवा केली, पण आता हात आवरा असे सांगण्याहून मोठी सेवा मी कधीही केलेली नाही. तलवारी निघतात. धन्याला जिव्हारी जखम होते, चाकराला मागून भोसकले जाते आणि त्याचे प्रेत उकिरड्यावर फेकले जाते. दुसरा डोळाही जातोच. म्हणजे तो चाकर अयशस्वी झाला काय? त्याच जखमेने कॉर्नवॉल मरतो आणि दुष्टांची फळी प्रथम तेथे फुटते. मागे राहिलेले दोन चाकर, ज्यांनी आतापर्यंत तोंड उघडलेले नसते, म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर लावावयास तागाची पट्टी आणि अंड्याचा पांढरा बलक आणावयास जातात. एकाने नकार दिला म्हणून दुसऱ्या दोघांना दया सुचली. हे नाटक २६ डिसेंबर १६०६ रोजी, संत स्तेफनच्या सणाच्या रात्री, राजा जेम्स याच्यापुढे झाले. पहिल्या रक्तसाक्षीच्या सणाला एका निनावी चाकराचे मरण राजाने पाहिले, हा योग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो.

याच्याशेजारी ‘मॅकबेथ’मधील वैद्य ठेवून पाहावा. राणी झोपेत चालते, हात चोळीत राहते आणि खुनाचे सारे गुपित बडबडते. वैद्य आणि दासी ते ऐकतात. दासी म्हणते, राणी काय बोलते ते मी सांगणार नाही, मला साक्षीदार नाही. वैद्य म्हणतो, मनात विचार येतो पण बोलण्याचे धैर्य नाही. दोघेही भली माणसे आहेत. त्यांनी कोणाचे वाईट केलेले नाही. असल्या भल्या माणसांच्या मौनावरच तो राजवाडा उभा आहे.

धंतोली आता दवाखान्यांची वसाहत झाली आहे. विदर्भातून आणि शेजारच्या राज्यांतूनही रुग्ण येथे येतात, आणि रुग्णाभ्यंग देण्यासाठी, ख्रिस्तप्रसाद नेण्यासाठी आम्हांस तेथे वारंवार जावे लागते. रात्रीच्या वेळी रस्त्याकडेच्या औषधाच्या दुकानापाशी उभी असलेली माणसे पाहिली की कोणाच्या हाती किती सत्ता आहे ते बोलण्यावाचून समजते: एकजण पैसे मोजतो, दुसरा त्याच्याकडे पाहत राहतो. काही वर्षांपूर्वी येथल्याच एका रुग्णालयात आम्ही एका वृद्ध गृहस्थांसाठी प्रार्थना करावयास गेलो होतो. त्यांचे कुटुंब आमच्या परिचयाचे. खाटेभोवती मुलगे उभे होते, एकाच्या हाती टंकलिखित कागद आणि शाईचे पॅड होते. घराच्या वाटणीचा तो कागद होता, आणि त्यात बहिणीचे नाव नव्हते. तरुण डॉक्टर पायथ्याशी उभे राहून तक्ता पाहत होते. आदल्या दिवसापासून ते कामावर होते आणि तक्त्यातून त्यांनी मान वर केली नाही. आम्ही दारातून आत येतो न येतो तोच पलंगपोस बदलणारी मावशी थोरल्या मुलाला म्हणाली, “बाबाजी आत्ता कोनाले वळखत नाहीत. अंगठा नोका घेऊ.”

“मावशी, तुम्ही तुमचं काम करा,” तो म्हणाला.

“मी सकायपासून पाहून राहिली ना त्याईले,” ती म्हणाली, आणि बाबाजींचा हात तिने चादरीखाली घेतला.

तिचा आवाज चढलेला नव्हता. पण खोलीत सगळ्यांनी ते ऐकले होते, आणि एकदा सगळ्यांनी ऐकले म्हटल्यावर तो कागद खिशात जाण्यावाचून मार्ग राहिला नाही. डॉक्टरांनीही मग मान वर करून सांगितले की रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत कसलीही सही घेता येणार नाही. तीन-चार दिवसांनी बाबाजी शुद्धीवर आले. त्यांनी घराचे काय केले हा त्यांच्या कुटुंबाचा प्रश्न आहे आणि तो आम्ही येथे सांगणार नाही. मावशीला मात्र आठवड्याभरात रात्रपाळीला टाकले गेले. हे तिने आम्हांला पुढे जिन्यात भेटली तेव्हा सांगितले, तक्रार म्हणून नव्हे, तर आता दुपारी घरी असते म्हणून.

वाचकहो, येथे एक माहिती देणे अस्थानी होणार नाही. शुद्धीवर नसलेल्या माणसाने केलेले मृत्युपत्र कायदा मानीत नाही. आणि आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर बापाच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी असा भेद केला जात नाही. एवढे पुष्कळ घरांत ठाऊक असते. तरी खाटेभोवती कागद निघतो तेव्हा कोणी बोलत नाही, कारण थोरल्याचा शब्द मोडण्याची घरात सवय नसते. सत्तेला तलवार क्वचितच उपसावी लागते. तिचे बहुतेक काम आपल्या सवयीच करून टाकतात. ‘ऑथेल्लो’मधील एमिलिया नवऱ्याच्या सवयीच्या आर्जवाला भुलून मालकिणीचा रुमाल त्याला देते, कशासाठी हे विचारते खरी, पण उत्तर न मिळताही गप्प राहते. पुढे सत्य कळल्यावर ती सर्वांसमोर बोलते आणि त्यासाठी जीव गमावते. तोवर डेस्डिमोना मेलेली असते.

सत्ता मुळातच वाईट, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. रामशास्त्री अधिकारपदावर होते म्हणूनच त्यांचा शब्द लागला. मावशीपाशी पद नव्हते, तरी सकाळपासून रुग्णाला पाहिल्याचा एक अधिकार तिच्यापाशी होता आणि तो तिने वापरला. आम्हां धर्मगुरूंच्या हातीही सत्ता आहे. वेदीवरचा ध्वनिक्षेपक आमच्यापुढे असतो, शाळाप्रवेशाच्या शिफारशीचे पत्र आम्ही लिहितो, दफनभूमीतील जागेचा प्रश्न आमच्यापाशी येतो. धर्मग्राम समितीत ‘फादरांनी सांगितले आहे’ असे कोणी म्हटले की चर्चा तेथेच संपते. म्हणून समितीत एक-दोन हीमॉन असावेत, अशी आमची इच्छा असते. आज्ञागुरुवारी बारा जणांचे पाय धुताना धर्मगुरूला गुडघे टेकावे लागतात, ते केवळ सणापुरते नसावे.

संस्कृत नाटकात शोकान्त शेवट फारसा आढळत नाही. भासाचे ‘ऊरुभंग’ हा त्याला थोर अपवाद होय. भीमाच्या गदेने मांड्या मोडलेला दुर्योधन रणभूमीवर पडला आहे. त्याचा लहानगा पुत्र दुर्जय येतो आणि नेहमीप्रमाणे बापाच्या मांडीवर बसू पाहतो. बापाला त्याला अडवावे लागते. ज्या मांडीवर बसावयास त्याने भर सभेत द्रौपदीला खुणावले होते, तीच ही मांडी. त्या सभेत भीष्म होते, द्रोण होते, कृप होते, आणि त्यांच्या मौनात ती खूण झाली होती. सभेतील वडीलधारे वेळीच बोलले असते तर ते पोर आज बापाच्या मांडीवर बसू शकले असते, असे ते नाटक वाचताना वाटत राहते.

आपल्या धर्मग्रामांत नाताळला आणि सणाला मुले नाटके बसवितात. हेरोद होण्यासाठी भांडणे होतात, कारण त्याला मुकुट आणि झगा मिळतो. शिपायाच्या भूमिकेला कोणी तयार नसते आणि ती शेवटी उरलेल्या मुलाच्या गळ्यात पडते. दिग्दर्शन करणाऱ्या युवक-युवतींना आमची एक सूचना आहे. यंदा वर्गातील सर्वांत चांगला नट निवडा आणि त्याला शिपायाचे काम द्या. हेरोदाची आज्ञा ऐकून तो क्षणभर थांबू दे. त्या थांबण्यात काय काय घडत असेल, याची चर्चा तालमीत मुलांबरोबर करा, आणि आईवडिलांनाही तालमीस बोलवा.